मेल्यावर भित्रेपणाचा खटला: डॅनियलला सोडायला हवं होतं का?

रामबागवाला
'डिफेंडिंग युवर लाइफ' या इंग्रजी सिनेमाचा (१९९१) शेवट मला पटत नाही. ज्याला भांडायचं असेल त्याने यावं.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डॅनियल हा जाहिरातवाला वाढदिवसाला घेतलेली नवीकोरी बीएमडब्ल्यू बसवर आदळतो, मरतो आणि जजमेंट सिटीत पोचतो. तिथे पापपुण्य नाही, चित्रगुप्ताची वही नाही. आयुष्यातले निवडक प्रसंग पडद्यावर लावतात, एक वकील तुमच्या बाजूने, एक विरुद्ध. प्रश्न एकच, भीतीवर मात केलीत का? केली असेल तर पुढे, नाहीतर परत पृथ्वीवर. डॅनियल पक्का घाबरट. तिथे त्याला ज्युलिया (मेरिल स्ट्रीप) भेटते, जळत्या घरातून पोरांना बाहेर काढून मांजरासाठी पुन्हा आत शिरलेली. दोघांचं जमतं. साहेब खटला हरतात, परतीच्या ट्राममध्ये बसतात, दुसऱ्या ट्राममध्ये ती दिसते आणि हे उडी मारून तिच्याकडे धावतात. वरचे लोक विरघळतात, दार उघडतं.

जन्मभराचा भित्रेपणा एका धावपळीत माफ? भैया, मग एवढा खटला चालवला कशाला? अल्बर्ट ब्रुक्सने लिहिला, दिग्दर्शित केला, नायकही स्वतःच. स्वतःला हरवायची छाती झाली नाही, दुसरं काय!

पलासियाची ताई
दादा, नीट बघा हो. आदल्या रात्री ज्युलिया त्याला स्वतःहून थांब म्हणते आणि हा पाय मागे घेतो. इतकं छान चाललंय, बिघडलं तर? दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजूची वकीलबाई तीच रात्र पडद्यावर लावते! मेल्यावरसुद्धा भित्राच आहे, हा पुरावा. म्हणजे तो जन्मभराच्या जुन्या प्रकरणांवर हरलाच, पण शेवटचा खिळा या ताज्या प्रकरणाने ठोकला. मग ताज्या प्रकरणातच त्याने उलट वागून दाखवलं, तर कोर्टाने ते का मोजू नये? पुरावा एकाच बाजूचा चालतो का?

आणि पगाराचा प्रसंग! घरी बायकोला समोर बसवून तालीम, ६५ हजार डॉलरच्या खाली उतरणार नाही म्हणजे नाही. साहेबांच्या केबिनमध्ये ४९ हजार ऐकल्याबरोबर 'चालेल'. मी पोट धरून हसले, आणि आमचे हे मात्र गप्प बसले होते.

निवृत्त कॅशियर
तुम्ही हसलात, मला राग आला. कमी पगार घेतला हा गुन्हा, कॅसिओ कंपनीच्या शेअरमध्ये पैसे घातले नाहीत हाही गुन्हा. हे कोर्ट आहे की शेअर दलालाचं ऑफिस? अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस यांच्या लेखी भित्रा.

सिनेमा आला १९९१ साली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली. हजारो माणसं रस्त्यावर आली, थकबाकीचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. त्यातल्या कुणाला जजमेंट सिटीत उभं करून विचारणार, की बाबा रे, मिळेल त्या पगारावर दुसरीकडे का लागलास? घरात चार तोंडं असली की माणूस ४९ला हो म्हणतो. त्याला जबाबदारी म्हणतात.

पलासियाची ताई
काका, डॅनियलच्या घरात चार तोंडं कुठे होती? आणि मिलवाल्यांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तीन दशकं दावा लढवणं, तारखांमागून तारखा, साथीदार डोळ्यांदेखत गेले तरी सोडायचं नाही. ती माणसं त्या कोर्टात अर्ध्या दिवसात सुटतील. तिथे पैसा नाही, कणा मोजतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसा हा डॅनियल.

निवृत्त कॅशियर
कणा मोजायचा तर मोजा, पण उदाहरणं सगळी पैशाची का निवडली, याचं उत्तर नाही मिळालं.

छप्पनचा खवय्या
तुमचं गंभीर चालू द्या. मला एवढंच दिसलं की तिथे कितीही खा, वजन वाढत नाही, आणि वाढपी वाटी रिकामी होऊ देत नाही. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, तळलेला गराडू कंद, वर जिलबी चापून घरी जाताना मला जी भीती वाटते, ती तिथे नाही. पुढे कशाला जायचं? तिथेच राहावं.

(ज्युलियाच्या हॉटेलात चॉकलेटचे हंस मिळतात, डॅनियलला मात्र फुटकळ खोली. वर गेलं तरी व्हीआयपी कोटा सुटत नाही.)

मृदुला, लोकमान्यनगर
कुणीच ज्युलियाबद्दल बोलत नाहीये. ती शूर, हसरी, प्रेमळ. एक डाग नाही. म्हणूनच ती माणूस वाटत नाही, बक्षीस वाटते. तिचा खटला म्हणजे तिच्या वकिलालाही कौतुकाने गहिवर. यमाच्या दारातली प्रेमकथा आपल्याकडे सावित्रीची आहे. ती यमामागे चालत राहिली, बोलत राहिली, सासऱ्यांची दृष्टी आणि राज्य मागून घेतलं, आणि शंभर पुत्रांचा वर मागून यमाला त्याच्याच शब्दात अडकवलं. वटपौर्णिमेला नुसते दोरे गुंडाळून आपण तिची हुशारी विसरलो, ते सोडा. मुद्दा असा की तिने वाद जिंकला. इथे मांजरासाठी आगीत शिरणारी बाई ट्राममध्ये बसून हाका मारते आणि सगळं धाडस त्याच्या वाट्याला. तिनेच का उतरू नये?

रामबागवाला
हे आवडलं! ती उतरली असती तर शेवट मला मान्य होता. पुढची बढती सोडून त्याच्यासोबत परत पृथ्वीवर.

पलासियाची ताई
आणि मग? परतलेल्याला मागचं काही आठवत नाही. दोघं आपल्या छप्पन दुकान खाऊगल्लीत एकाच दुकानासमोर पोह्यांची प्लेट घेऊन उभे असते, तरी 'जरा शेव सरकवा' यापलीकडे बोलणं झालं नसतं. असला शेवट तिकीट काढून कोण बघणार?

रामबागवाला
मी. दोनदा.