नाळेतील रक्त खासगी पेढीत साठवावे का?

मृणाल:
माझ्या वहिनीला सातवा महिना आहे. एका खासगी पेढीचा प्रतिनिधी घरी येऊन, नाळेतील रक्त साठवणे म्हणजे बाळाचा ‘जैविक विमा’ आहे, असे सांगून गेला. माझ्या मते हे पैसे भरू नयेत. या रक्तातील मूळपेशी रक्तनिर्मिती नव्याने सुरू करू शकतात, याबद्दल वाद नाही. १९८८ मध्ये पॅरिसला डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्तनिर्मिती खुंटवणारा आनुवंशिक आजार झालेल्या मुलावर असे पहिले प्रत्यारोपण केले. परंतु तो मुलगा बरा झाला तो नवजात बहिणीच्या पेशींमुळे. थॅलेसेमियासारखा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा, आनुवंशिक दोष बाळाच्या स्वतःच्या नाळेतील पेशींतही असतोच. मग त्याच पेशी त्याला परत देऊन काय साधणार?

समीर:
असहमत. मी उल्हासनगरला राहतो. इथल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाची मुले किती, हे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला नेणाऱ्या आईबापांना विचारा. प्रत्यारोपणासाठी पेशींवरच्या ओळखखुणा, म्हणजे एचएलए, जुळाव्या लागतात; सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. अशा घरात धाकट्याच्या नाळेतील रक्त टाकून द्यायचे?

मृणाल:
मुळीच नाही. थोरल्या मुलाला या पेशींनी बरा होऊ शकणारा आजार असेल, तर साठवण योग्यच, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही म्हणतात. माझा आक्षेप निरोगी कुटुंबांना भीती घालून केलेल्या विक्रीला आहे.

अनघा (रक्तपेढी तंत्रज्ञ):
मात्रेचा मुद्दा राहून गेला. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून पिशवीत रक्त घेतले जाते. ते बहुधा शंभर मिलिलिटरच्या आतच भरते. रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागत असल्याने मोठ्या माणसाला एक पिशवी बहुतेकदा अपुरी पडते. शिवाय बाळाच्या शरीरातील लोह वाढावे म्हणून किमान एक मिनिट नाळ कापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; पिशवी भरावी म्हणून ती घाईने कापणे मला अजिबात पटत नाही.

समीर:
एक मिनिट थांबलेच पाहिजे, हे मान्य. मात्र नाळेतील रक्ताला अस्थिमज्जेच्या (हाडांतील मगजाच्या) प्रत्यारोपणाइतके काटेकोर जुळणे लागत नाही, सहापैकी चार एचएलए खुणा जुळल्या तरी चालते, हा गुण मोठा आहे. म्हणूनच खासगी पेढ्यांवर नुसती टीका पुरेशी नाही, दान केलेले रक्त कोणत्याही जुळणाऱ्या रुग्णाला देणाऱ्या सार्वजनिक पेढ्या वाढवण्याची मागणी आपण तितक्याच जोराने केली पाहिजे.

मृणाल:
त्या मागणीवर पहिली सही माझी.