कोबीचं उद्यान? – बाग, वाडी, परडं, मळा

तिरपांगडा:
स्टॉकहोमच्या स्कान्सेन संग्रहालयावर लेख लिहितोय. आर्टूर हासेलियस यांनी १८९१ मध्ये ते सुरू केलं. स्वीडनभरातली जुनी घरं उतरवून आणायची आणि यूरगोर्डेन बेटावरच्या टेकडीवर पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, असा खटाटोप. घरांबरोबर त्यांची आवारंही आली. मसुद्यात मी सरसकट ‘ऐतिहासिक उद्याने’ लिहिलंय, पण वाचताना डोळ्यांपुढे कारंजं आणि ‘फुले तोडू नयेत’ची पाटी येते. अडलेले स्वीडिश शब्द असे: कोलगोर्ड (घरालगत कोबी, कंद वगैरे), हुमलेगोर्ड (बिअरसाठी लागणाऱ्या हॉपच्या वेलींची जागा) आणि कोलोनिलॉट (शहरी कामगारांना भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा). सुचवा.

पोफळी:
उद्यान आधी काढा. ते नगरपालिकेचं असतं, घरचं नसतं. कोलगोर्ड म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलं परडं. घराला चिकटून, कुंपण घातलेलं, चार वांगी, मिरच्या, अळू, जे रोज चुलीवर लागतं ते. परसबागही चालेल, पण तो शब्द आता कृषी खात्याच्या पत्रकातला वाटतो. आणि नुसतं ‘परसात’ लिहाल तर जपून, आमच्याकडे ‘परसाकडे’ माणसं वेगळ्याच कामाला जात.

कुंपणाचंही लिहिणार असाल तर तिथली पद्धत सांगा. आम्ही काट्याकुट्यांची वई घालतो.

तिरपांगडा:
उभ्या खुंटांच्या जोड्या रोवतात, त्यांच्यामध्ये स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या चिरलेल्या लांब फाळक्या तिरक्या, एकीवर एक रचतात आणि स्प्रूसच्याच कोवळ्या फांद्या पिळून त्यांनी जोड्या आवळतात. खिळा एकही नाही.

पोफळी:
मग वईच म्हणा, वाचणाऱ्याला कळेल.

शब्दमूळ:
‘गोर्ड’ची गंमत बघा. स्वीडिशमध्ये गोर्ड म्हणजे कुंपणाच्या आतली जागा, तोच शब्द अंगणाला आणि तोच अख्ख्या शेतघराला. ट्रेडगोर्ड, म्हणजे बाग, हा शब्दशः ‘झाडांचा गोर्ड’. आपल्याकडे संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. त्यातूनच वाडा आला आणि वाडीही. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आणि वाडी म्हणजे चार घरांची वस्तीसुद्धा. दोन्ही भाषांनी कुंपणावरूनच नावं ठेवली. शिवाय ‘गोर्ड’ आणि ‘गृह’ एकाच मुळाचे मानतात, म्हणजे आपलं घर त्याचं चुलत भावंड.

स्कान्सेनमध्ये हाल्लांड प्रांतातलं ओक्तोर्प नावाचं शेतघर आहे. चारी बाजूंनी इमारती आणि मधे अंगण. तिथे खुशाल ‘वाडा’ वापरा. बाग हा शब्द मात्र फारसीतून आलेला, त्यात थोडी ऐट आहे. म्हणून तो स्कोगाहोल्मच्या जमीनदारी घरापुढच्या रेखीव आवारासाठी राखून ठेवावा असं मला वाटतं.

घाटावरचा:
हुमलेगोर्डला वाडी नको, मळा हवा. हॉपचे वेल उंच खांबांवर चढवतात. मला लगेच पानमळा आठवला, शेवरी-हादग्यावर चढलेल्या विड्याच्या वेलांचा. हेही घरच्या भाजीपुरतं पीक नव्हे, बिअरसाठी लागणारं. त्यात सरकारचाही हात होता. १४४२ च्या कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याने हॉपचे ४० खांब लावलेच पाहिजेत असं ठरलं आणि ही सक्ती थेट १८६० मध्ये उठली. ‘हॉपचा मळा’ लिहा आणि हे ४० खांब जरूर घाला.

‘बागायत’ मात्र कुठेही नको. ते सातबाऱ्यावरचं, पाण्याखालच्या जमिनीबद्दल आहे, झाडाफुलांबद्दल नाही.

तिरपांगडा:
झकास. आता कोलोनिलॉट. अॅना लिंडहागेन यांनी १९०६ पासून स्टॉकहोममध्ये ही चळवळ रुजवली. चाळीसारख्या घरांत दाटीने राहणाऱ्या कुटुंबांना बटाटे, भाजी आणि मोकळी हवा मिळावी म्हणून. स्कान्सेनमध्ये अशा तुकड्यांवरच्या छोट्या खोपट्याही जपल्या आहेत. ‘वसाहत-बाग’ लिहिलं तर गोऱ्यांच्या चहामळ्यासारखं वाटेल.

घाटावरचा:
जमीन भाड्याने कसायला घेतली की आपण ‘खंडाने घेतली’ म्हणतो. खंडाची वाडी.

शब्दमूळ:
चालेल. पण शहरी वाचकाला खंड म्हटल्यावर आशिया आठवतो. पहिल्यांदा एका वाक्यात उलगडून सांगा, मग बिनधास्त वापरा.

पोफळी:
आणि संग्रहालयाला काय म्हणताय? ‘खुलं संग्रहालय’ म्हटलं की आज सुट्टी नाही एवढंच कळतं. ‘उघड्यावरचं’ म्हटलं की पावसात भिजत पडलेलं.

शब्दमूळ:
पोलिश आणि हंगेरियन लोकांनी तो प्रश्न सोडवलाय. तिथे अशा कुठल्याही संग्रहालयाला स्कान्सेनच म्हणतात, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. मूळ अर्थ निव्वळ ‘छोटी गढी’, टेकडीवर ती होती म्हणून. मराठीत ‘खुल्या आवारातलं संग्रहालय’ बरं वाटतं, जरा लांब आहे खरं.

तिरपांगडा:
तेच घेतो. शेवटचा: वोर्डट्रेड. शेतघराच्या अंगणातलं मोठं झाड, ते घराची राखण करतं अशी समजूत. त्याची फांदी मोडायची नाही, सणाला बुंध्याशी बिअर ओतायची. ‘राखणदार’ लिहू?

पोफळी:
नुसतं राखणदार नको. कोकणात राखणदार म्हणजे जागेचा देवचार, झाड नव्हे. त्याला वर्षाची राखण द्यावी लागते, नारळ नाहीतर कोंबडा. तुमच्या झाडाला ‘राखणीचं झाड’ म्हणा. बिअर ओततात हे मात्र तसंच ठेवा, आमच्याकडच्या काही राखणदारांनाही दारू चालते.