नव्वद दिवसांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट

धोका झाल्यानंतर ४५ व्या आणि ९० व्या दिवशीचे एचआयव्हीचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह, तरी घसा दुखला की पुन्हा लॅब गाठावीशी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेलोय. सदाशिव पेठेतल्या खोलीवर रात्री दोन वाजता मानेतल्या गाठी चाचपत बसायचो. दाबून दाबून ती जागा खरंच दुखायला लागायची, आणि मग तेच लक्षण वाटायचं.

शेवटी ससून रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. तपासणी मोफत, नाव गुप्त. समुपदेशक ताईंनी नीट समजावलं: फोर्थ जनरेशन चाचणी विषाणूचं पी-२४ प्रथिन आणि त्याविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडी, दोन्ही शोधते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली असेल तर ४५ दिवस पुरेसे. नुसती अँटीबॉडी बघणारी असली तरी ९० दिवसांनंतर शंकेला जागा नाही. मधे नवीन धोका झाला असेल किंवा पेपच्या (धोक्यानंतर संसर्ग टाळण्यासाठी देतात त्या) गोळ्या घेतल्या असतील तरच गणित बदलतं.

घसा, थकवा यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही हो. आता तिसरी टेस्ट करू नका, दोन दिवसांत तीही अपुरी वाटेल. त्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांना ही भीतीच सांगा. मला त्यानेच झोप लागली. आज रात्री फारच घाबरायला झालं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.