विंचवाचं बिऱ्हाड: घर विकून कायमचं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहावं का?

ओहायोकर:
मी ६१, बायको ५९. मार्चमध्ये माझी नोकरी गेली, आणि या वयात दुसरी कोण देतंय? मुलगी सिॲटलला असते. घराचं कर्ज फिटलंय, पण कर, विमा आणि छपराची डागडुजी खिसा रिकामा करतायत. डोक्यात असं आहे की घर विकायचं, एक फिफ्थ व्हील (पिकअपला जोडायची राहती ट्रेलर) आणि ती ओढायला डिझेलचा पिकअप घ्यायचा. उन्हाळ्यात एखाद्या कॅम्पग्राउंडवर होस्ट (तिथली देखरेख करणारे), ऑक्टोबरात नॉर्थ डकोटात साखरेच्या बीटचा हंगाम, थंडीत ॲरिझोना. बायको म्हणते, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि नांगी तुमच्या जिभेला." बोला मंडळी.

चाकोरीबाहेर:
बेलाशक करा. आम्ही दोघं चार वर्षं असेच राहतोय. बीटबद्दल लोक ऐकीव फार बोलतात म्हणून सांगतो. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरचं रेड रिव्हरचं खोरं. साधारण १ ऑक्टोबरला सुरू होतं, रात्रंदिवस चालतं, पाळी १२ तासांची. ट्रकवाल्याला बीटचा ढीग रचणाऱ्या यंत्रापाशी नीट लावून द्यायचं, नमुन्याची पिशवी भरायची, सांडलेले बीट फावड्याने ओढायचे. डोकं लागत नाही, पाय लागतात. गाडी लावायची जागा आणि वीज-पाणी त्यांच्याकडून. ऊन तापलं की काम बंद, कारण गरम बीट ढिगात सडतो. पाऊस झाला की शेतात चिखल, मग तेव्हाही बंद. तेवढे दिवस पत्ते कुटायचे. आमचा थंडीचा बराच खर्च त्यातून सुटतो.

मग ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. तिथे सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मोसमी परवान्यावर राहता येतं. फुकटच्या सरकारी जागांवर मात्र बहुतेक ठिकाणी १४ दिवस झाले की गाशा गुंडाळायचा. कायमचा पत्ता कागदोपत्री आम्ही साउथ डकोटाचा घेतला. एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्स मिळालं, आणि राज्याचा आयकर नाही.

सातबारा:
काका, ही तर ऊसतोडच की! मी मूळची बीडची. दसरा झाला की गावातून टोळ्या निघायच्या. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याचा फड आणि पाचटाची कोपी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. तुमचे कॅम्पग्राउंडवालेही होस्ट म्हणून बऱ्याचदा जोडपंच मागतात ना? साखर तीच. तुमच्या कोपीला टायर आहेत एवढंच.

चाकोरीबाहेर:
सातबारा, राग मानू नका, पण ही तुलना बीडच्या लोकांवरच अन्याय करते. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते. ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. मला बीट नकोसा झाला तर मी चावी फिरवून निघतो.

सातबारा:
उचल नाही, मान्य. पण चावी फिरवून जाणार कुठे? ॲमेझॉनने २००८ पासून नाताळच्या गर्दीसाठी आरव्हीवाल्यांना गोदामात घ्यायची खास योजना चालवली, जागेचं भाडंसुद्धा द्यायचे. काही वर्षांपूर्वी ती बंद केली. ज्यांचं वर्षाचं गणित त्या दोन-तीन महिन्यांवर बसलेलं होतं, त्यांनी काय करायचं? आमच्या गावात कारखाना बंद पडला तरी परतायला पत्र्याचं का होईना, घर असायचं. काका तेच विकायला निघालेत.

रात्रपाळी:
मी ॲरिझोनात नर्स आहे. तुम्ही सगळे डिझेल आणि पत्त्यावर बोलताय. मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा, ६५ ला मिळतं. म्हणजे काकांना चार वर्षं, काकूंना सहा वर्षं स्वतःचा विमा. तो साउथ डकोटाच्या पत्त्यावर घेतलात की त्याचे डॉक्टरही बहुधा तिकडचेच, आणि राज्याबाहेर बऱ्याच योजना इमर्जन्सीपुरत्याच चालतात. मधुमेहाची दर तीन महिन्यांची तपासणी इमर्जन्सीत मोडत नाही. आणखी एक. ६२ ला सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुरू करून वर हंगामी कामही केलंत, तर ठरावीक मर्यादेपुढच्या दर दोन डॉलर कमाईमागे एक डॉलर रोखून धरतात. कमाई मोजून करा.

कढीपत्ता:
आम्ही अकरा महिन्यांत परत चार भिंतींत आलो. ३० फुटांच्या डब्यात मोहरी-हिंगाची फोडणी दिली की आठवडाभर उशीला वास. संडासाची टाकी स्वतः रिकामी करायची, ती नवऱ्याने केली म्हणून संसार टिकला. आणि गाडीचा भाव? विकायला गेलो तेव्हा घेतलेल्या किमतीच्या निम्मेही हातात आले नाहीत. गाडीत राहणं वाईट नाही हो, पण गाडीलाच घर समजून त्यात पुंजी घालणं वाईट.

ओहायोकर:
सगळं बायकोला वाचून दाखवलं. 'पत्र्याचं का होईना' इथे तिने चष्मा काढून ठेवला. घर तूर्त विकत नाही. मुलीच्या मैत्रिणीला एका वर्षासाठी भाड्याने देतोय, आणि जुनीच ट्रेलर बघतोय. ऑक्टोबरात बीटला जाणार. चाकोरीबाहेर, तिकडे भेटलात तर चहा आमच्याकडे. रात्रपाळी, पत्ता ओहायोचाच ठेवतो. विमाही.

सातबारा, ती विचारते आहे, कोपीत देव कुठे ठेवायचे?

सातबारा:
पत्र्याच्या पेटीत, काकू. पेटी सगळ्यात शेवटी चढवायची आणि सगळ्यात आधी उतरवायची.