उतारावरची ४८ घरे: वर शॉवर चालत नाही, खाली नळ टिकत नाहीत. मदत हवी आहे

उतारवाट
डोंगरउतारावर ४८ घरांची वसाहत आहे, प्रत्येक घर तळमजला अधिक एक. १२ रांगा, रांगेत ४ घरे. पायथ्याच्या संपची पातळी शून्य धरली तर खालची रांग ६ मीटरवर, सर्वांत वरची ७२ वर, मधल्या दर ६ मीटरला एक. संपातून पाणी वरच्या टाकीत चढते, टाकीचा तळ ७८ मीटरवर. तिथून ९० मिमीची एचडीपीई (प्लास्टिकची) लाइन, पीएन १० म्हणजे १० किलो दाब सोसणारी, थेट खालच्या रांगेपर्यंत.

७२ च्या रांगेत वरच्या मजल्यावर धारच नाही. ४८ आणि ४२ च्या रांगांत रड फक्त सकाळची. खालच्या तीन रांगांत फ्लशचे फ्लोट व्हॉल्व्ह गळतात, जोडनळ्या फुटतात, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टिपटिपत असतो.

बागेच्या नळांवर गेज लावून घेतलेले दाब, किलो प्रति चौ. सेंमी. आधी रात्री ३ चा, मग सकाळी ७ चा:

रांग ७२: ०.६ / ०.५
रांग ५४: २.४ / २.२
रांग ४८: ३.० / १.७
रांग ६: ७.२ / ५.८

मोठा पंप, टाकी आणखी उंच, की घरोघरी प्रेशर पंप? तिन्ही सूचना आल्या आहेत.

गेजवाला
आकडे दिलेत म्हणून निम्मे काम झाले. रात्रीचे आकडे बघा: टाकीच्या तळापासून जितके मीटर खाली, त्याचा दहावा भाग. म्हणजे १० मीटर पाणी = १ किलो, पुढे दाब मीटरमध्येच सांगतो. रात्री पाणी वाहत नाही, म्हणून दाब निव्वळ उंचीचा दिसतो. संपातला पंप मोठा केला तर टाकी लवकर भरेल, नळाला काहीच कळणार नाही.

सकाळी ५४ पर्यंत २ मीटरची घट आहे आणि ४८ ला एकदम १३ ची. ९० मिमी पीएन १० पाइपचा आतला व्यास साधारण ७९ मिमी. ऐन सकाळची मागणी सेकंदाला २.५ लिटर धरली तरी १०० मीटरला घर्षणात जेमतेम ०.४ मीटर जातात. एका रांगेच्या अंतरात ११ मीटर खाणे हे पाइपचे काम नव्हे. ५४ आणि ४८ च्या मधले चेंबर उघडा, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असणार.

उतारवाट
सापडला. गेट व्हॉल्व्ह, जवळजवळ बंद. खालचा दाब कमी व्हावा म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला होता. पूर्ण उघडला तर खाली आणखी फुटेल ना?

गेजवाला
रात्री ७.२ येतोच आहे, त्याहून जास्त येणार नाही. अर्धवट व्हॉल्व्ह पाणी वाहत असेल तेव्हाच दाब खातो. नळ बंद झाले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि नळ्यांवर ताण तेव्हाच सर्वाधिक असतो. म्हणजे त्या व्हॉल्व्हने खालच्यांचे रक्षण केले नाही, मधल्यांचे पाणी मात्र तोडले. उघडा, पण सावकाश. असा ठेवलेला गेट थरथरून सीट (बंद होताना टेकण्याची जागा) झिजवतो, त्यामुळे तो पुढे पूर्ण बंद होतो का तेही बघा.

जलरेषा
आता उंचीचा प्रश्न. शॉवरला निदान १५ मीटर हवेत आणि कोणत्याही नळावर ५० च्या वर जाऊ नये. ६६ मीटरच्या उतारावर हे एका लाइनीत बसत नाही. तीन झोन करा.

३६ ते ५४ च्या रांगांना काहीच नको. टाकीवरून थेट २४ ते ४२ मीटर मिळतात.

६०, ६६, ७२: टाकीजवळ बूस्टर, म्हणजे दाब वाढवणारा पंप. ७२ च्या वरच्या मजल्याचा शॉवर ७७ वर धरा, अधिक १५, अधिक ३–४ घर्षण, म्हणजे ९६. टाकी ७८ वर, तेव्हा पंपाचे हेड (तो वाढवेल तितका दाब) १८–२० मीटर. १२ घरांना सेकंदाला १.२ लिटर पुरावेत. वेग बदलणारे ०.७५ किलोवॉटचे दोन पंप, एक चालू, एक राखीव. सोबत १०० लिटरची प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाबलेली हवा असलेली बंद टाकी. तिची हवा व्हेसल पाण्याने रिकामी करूनच तपासायची, नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवते. पंपाला एनआरव्हीसह (पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बायपास ठेवा, वीज गेली तरी तळमजल्यांना पाणी येत राहील. या तीन रांगांना वेगळी लाइन लागेल, हा खर्च टळत नाही.

टाकी उंच करायची तर १५ मीटरचा मनोरा लागेल आणि खालच्या प्रत्येक नळावर दीड किलो वाढेल. घरगुती पंप तर लाइनीवर थेट नकोच. ७२ पाशी लाइनीत पाच-सहा मीटर दाब असतो. चार पंप एकदम ओढू लागले की लाइन उणे दाबात जाते आणि सैल जोडातून बाहेरचे घाण पाणी आत येते.

६ ते ३०: ३४ मीटरच्या पातळीवर पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह), पुढचा दाब १.९. म्हणजे पाण्याची रेषा ५३ वर राहते: ३० च्या वरच्या मजल्याला घर्षण जाऊन १५ उरतात, ६ च्या रांगेला जास्तीत जास्त ४.७.

उतारवाट
लाइन ९० ची, तर पीआरव्ही ८० मिमीचा घ्यायचा ना?

जलरेषा
नेमकी हीच चूक होते. २० घरांना ४० किंवा ५० मिमी भरपूर. मोठा घेतला तर रात्रीच्या बारीक प्रवाहात तो उघडझाप करत धडधडतो. शेजारी समांतर २५ मिमीचा लावून त्याचा दाब ०.२ ने जास्त ठेवा. रात्री तोच काम करेल. आधी गाळणी, दोन्ही बाजूंना गेज, पुढे २.५ ला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. त्याचे पाणी दिसेल अशा जागी सोडा. गटारात सोडले तर पीआरव्ही बिघडल्याचे महिनोन्महिने कळत नाही.

चढपाइप
संपाकडची बाजूही बघा. ८० मीटरच्या वर चढाव आहे, तिथे पीएन १० नको. ६३ मिमी पीएन १६ मधून सेकंदाला १.७ लिटर नेले तर वेग ०.८ मीटर. पंप अचानक थांबला तर एचडीपीईत २५–३० मीटरचा जादा धक्का, लोखंडी पाइपात ९०–१०० चा. साधा झुलत्या पाकळीचा एनआरव्ही पाणी उलटे वळल्यावर आपटतो, स्प्रिंगचा घ्या. सॉफ्ट स्टार्टरवर (पंप सावकाश चालू-बंद करणारे उपकरण) विसंबू नका, वीज गेल्यावर तो काही करू शकत नाही.

उतारवाट
पीआरव्ही बसवला. रात्री पुढचा गेज १.९ वरून हळूहळू २.४ वर चढतो.

जलरेषा
मोठा आणि २५ मिमीचा, दोन्हींच्या आधीचे व्हॉल्व्ह बंद करा, पुढे एखादा नळ क्षणभर उघडून गेज १.५ वर आणा आणि थांबा. तिथेच राहिला तर सीटवर कचरा आहे. गाळणी आणि सीट धुवा. व्हॉल्व्ह बंद असतानाही चढला तर पाणी दुसरीकडून येते आहे: पीआरव्हीचा बायपास किंवा ३६ च्या रांगेशी राहिलेला जुना जोड. जुन्या जोडावरचा व्हॉल्व्ह नुसता बंद करून चालणार नाही, तुकडा कापून टोपी लावा.