मदत हवी आहे: घरामागच्या अंगणात आडोसा आणि सावलीसाठी कोणती झाडं लावू?

मंडळी नमस्कार. बार्शीला आमच्या घरामागे 20 बाय 12 फुटांचं अंगण आहे. पलीकडे तीन मजली इमारत झाली, आणि आता आई वाळवण घालायला गेली तरी वरच्या गॅलरीतून कोणीतरी बघत असतं. त्यात पश्चिमेचं ऊन. एप्रिलात दुपारी चारला स्वयंपाकघराची भिंत हात लावू देत नाही.

माती काळी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सेप्टिक टँक कुंपणापासून पाचच फुटांवर, म्हणून लांबवर मुळं पसरणारी उंबर, पिंपळ, रबराचं झाड बाद. नर्सरीवाला म्हणतो उंच अशोक लावा. आडोसा होईल हो, पण त्या खांबासारख्या सरळ झाडाची सावली पडणार केवढी? शेवगा झटपट वाढतो, पण वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि सुरवंट तर विचारूच नका.

माझ्या मनात सावलीला एक बकुळ आणि भिंतीलगत कुंतीची (कामिनीच्या झुडपांची) रांग आहे. बकुळ मात्र फार सावकाश वाढते. सोलापूरकडच्या काळ्या मातीत कोणी लावली आहे का? सावली धरायला किती वर्षं लागली? कुंतीच्या दोन रोपांत अंतर किती ठेवू? उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदाच पाणी देता येईल, हे धरून सांगा.