न्यूट्रोफिल स्वतःच्याच आगीत का जळत नाही?

हौद्यातला
परवा सरावात गुडघा सोलपटला, आत लाल माती. वस्तादांनी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, पांढरा फेस फसफसला, मी बोंब ठोकली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात वाचलं की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, हेच पेरॉक्साइड स्वतः बनवतात, त्यापासून पुढं ब्लीचसारखं हायपोक्लोरस आम्लही. जंतू मेले, ठीक. ती पेशी कशी वाचते? आणि एक दोस्त म्हणतोय, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू कर, सूज बसेल. घेऊ का?

गुऱ्हाळवाली मावशी
लेका, प्रश्न झकास. तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण हे डोक्यात बसलं ते माहेरच्या गुऱ्हाळामुळं. चुलवाणात जाळ कितीही भडकू दे, कोंडलेला असतो. इथंही तसंच. एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमचे काही भाग पेशीच्या पटलात, काही आतल्या द्रवात, एरवी सुटे. जंतू गिळला की तो ज्या पिशवीत कोंडला जातो तिच्या भिंतीवर ते जुळतात आणि सुपरऑक्साइड पिशवीच्या आत सोडतात; त्याचंच पुढं पेरॉक्साइड होतं. पुढचं आम्ल बनवणारं मायलोपेरॉक्सिडेज रंगानं हिरवं. पू हिरवट दिसतो तो बऱ्याचदा त्याच्यामुळं.

पण पेरॉक्साइड पाझरतंच. त्याचं पाणी करायला ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू असतो. त्यात ते स्वतः खर्ची पडतं आणि त्याला परत ताजं करायला एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू, लागतं. म्हणजे बघ, पेटवायलाही तेच, विझवायलाही तेच! येतं ग्लुकोजमधूनच, जी६पीडी एन्झाइमच्या वाटेनं. हे एन्झाइम फारच कमी असेल तर विझवणं राहू दे, न्यूट्रोफिलला नीट पेटवताही येत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट भारी वाटते.

न्यूट्रोफिल तसाही थोड्या वेळाचा पाहुणा. मॅक्रोफेज या दुसऱ्या जंतू गिळणाऱ्या पेशीला मात्र टिकायचं असतं. त्याच्यात कीप१ हे प्रथिन एनआरएफ२ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला डोकं वर काढू देत नाही. धग लागली की कीप१ची पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणारी जनुकं चालू करतं. काहिलीवरून गुळव्या ओरडला की चुलवाणात चिपाड टाकणारा हात आखडतो, तशातली गत. २०१८ मध्ये तर असं दिसलं की मॅक्रोफेज दाहाच्या वेळी इटॅकोनेट नावाचा छोटा रेणू तयार करतो आणि तेच कीप१ला जाऊन चिकटतं.

औषधवाला, राजारामपुरी
गोळ्यांचं मी सांगतो, विकणारा असूनही. जाळ बंद पडला तर काय होतं ते बघायचं असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज वाचा. ऑक्सिडेज जन्मतःच बिघडलेलं, मुलांना स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे आणि बुरशीचे संसर्ग पुन्हापुन्हा. बरं, न्यूट्रोफिल व्हिटॅमिन सी स्वतःच रक्तद्रवाच्या कितीतरी पट साठवतो. आणि तुम्ही पैलवान, म्हणून हे ऐका: २००९ च्या एका अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्या तरुणांमध्ये व्यायामानं इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. न घेणाऱ्यांचा सुधारला. पेरू खा, आवळा खा.

फेस म्हणाल तर तो ऑक्सिजन. तुमच्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटॅलेज एन्झाइमनं पेरॉक्साइड फोडलं. पुन्हा ओतू नका, नवी कातडीही भाजते. वाहत्या पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा.

हौद्यातला
इंजेक्शन घेतलं. गोळ्या दोस्ताला परत. मावशी, तुमचं एनएडीपीएचचं रात्री वहीत उतरवून काढलं. कॅटॅलेजचं वस्तादांना सांगितलं, ते म्हणाले, "बरं. मग उद्या बैठका किती?"